माणसाळलेलं आणि पाळीव
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी २२ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा ते स्वाभाविकच. पण त्या विषयावर आता कोपऱ्यावरचा पानवालाही बोलतो, आणि माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने बोलतो. म्हणून मी परवानगी घेऊन विषय बदलला. रानातला प्राणी किंवा पक्षी घरात पाळावा का, यावर मी बोलणार आहे. गेली दोन वर्षं हा प्रश्न आमच्या घरात ताटावर बसल्यावर निघतो आणि त्यापायी माझी आई माझ्याशी तीन आठवडे बोलत नव्हती. तेव्हा माझा अभ्यास निव्वळ पुस्तकी नाही, एवढं मानून घ्या.

आपल्या लहानपणी हा प्रश्न कुणाला पडतच नसे. दरवेशी अस्वल घेऊन यायचा, त्याच्या नाकातून दोरी ओवलेली असायची, आणि आपण त्या अस्वलाचे केस ताईतात घालायला विकत घ्यायचो. माकडवाला यायचा, गारुडी यायचा. शिराळा इथून काही फार लांब नाही, त्यामुळे नागपंचमीला जिवंत नाग पाहिला नाही असं या सभागृहात कुणी असेल असं वाटत नाही. बाजाराच्या दिवशी ज्योतिषाचा पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, चोचीने चिठ्ठी काढायचा आणि मुकाट्याने परत आत जायचा. आपल्याला त्या चिठ्ठीचं नवल वाटायचं. तो परत आत का जातो, हे मात्र कुणी विचारलं नाही. गंमत अशी की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली, म्हणजे आपल्या जन्माच्याही आधी झालेला होता. अस्वल गेलं, गारुडी जवळजवळ गेला, शिराळ्याच्या नागांवर न्यायालयाची बंधनं आली. पोपट मात्र राहिला. कारण पोपट कुणाला वन्य वाटतच नाही.

आमच्या घरी तो नऊ वर्षं होता. बाबा गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून नात्यातल्या एकाने एका बाजारातून कागदी पिशवीत घालून पिल्लू आणून दिलं. पंख नीट फुटलेले नव्हते. आईने त्याला भिजवलेली डाळ भरवून जगवलं, नाव अर्थातच राघू. तो ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचा, कुकरच्या शिट्टीची नक्कल करायचा, आणि माझ्या फोनची रिंगटोन इतकी हुबेहूब वाजवायचा की मी आंघोळ अर्धी टाकून दोनदा बाहेर आले आहे.

बाजारातली ही पिल्लं येतात कुठून, ते सांगते. पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. हिवाळा सरता सरता पिल्लं होतात. पकडणारे झाडावर चढतात, ढोलीत हात घालून, कधी ढोली फोडून पिल्लं काढतात. ढोली फुटली की पुढच्या वर्षी त्या झाडावर कुठलीच जोडी घर करू शकत नाही. डोळे उघडलेली, न उघडलेली पिल्लं टोपल्यांत भरून शहरात येतात आणि वाटेत मरतात. आपल्या घरी जे पोहोचतं ते वाचलेलं असतं. भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून पूर्ण बंदी आहे. कायद्यात झालेले नवे बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि आपला साधा हिरवा पोपट आज दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो घरात ठेवणं हा कैद आणि दंड होऊ शकणारा गुन्हा आहे.

हे मी आईला सांगितलं तेव्हाच ते तीन आठवड्यांचं मौन सुरू झालं. ते संपल्यावर तिने जे युक्तिवाद केले, त्यांच्यापुढे आमच्या ऑफिसातले वकील फिके पडतील. पहिला, “दार उघडं ठेवलं तरी तो जात नाही.” दुसरा, “बाहेर गेला तर घार नाहीतर मांजर खाईल.” तिसरा, “समोरच्यांकडे लव्हबर्ड आहेत ते चालतात, परदेशातून आणलेला हजारो रुपयांचा पोपट चालतो, आणि आपल्या मातीतला राघू तेवढा चालत नाही, हा कुठला न्याय?” आणि चौथा, “तू वर्षातून तीनदा येतेस. तो रोज सकाळी मला हाक मारतो.”

चौथ्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पहिल्या तिघांवर मात्र बोलता येईल.

मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, माणसाळलेला आणि पाळीव. आपण ते सरमिसळ वापरतो. माणसाळणं हे एका जनावराच्या आयुष्यात घडतं. पाळीव होणं हे पिढ्यान् पिढ्यांत घडतं. १९५९ साली सोव्हिएत रशियात द्मित्री बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने नोव्होसिबिर्स्कला एक प्रयोग मांडला. कातड्यासाठी पाळलेल्या चंदेरी कोल्ह्यांतून माणसाला कमीत कमी घाबरणारे तेवढे निवडायचे, त्यांचीच वीण करायची, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत हेच करत राहायचं. कोल्ह्यांना शिकवायचं काहीच नाही, फक्त निवडायचं. काही दशकांत त्यांच्यातून असे कोल्हे जन्मले की जे माणूस दिसला की शेपूट हलवायचे, हात चाटायचे. काहींचे कान लोंबते झाले, अंगावर पांढरे ठिपके आले. बेल्यायेव गेले तरी प्रयोग चालू राहिला. कुत्र्याच्या बाबतीत असंच काहीसं हजारो वर्षांत घडत गेलं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सेटिंग बदलणं वेगळं आणि मूळ कोड बदलणं वेगळं. (शिट्या नकोत, एवढं एकच उदाहरण घेतलंय.)

राघूचं फक्त सेटिंग बदललेलं होतं. तो बोलतो ते आपल्यावर माया आहे म्हणून, असं आपण समजतो. पोपट थव्याने राहणारा पक्षी आहे, थव्यातल्यांचे आवाज उचलणं हा त्याच्या जगण्याचा भाग आहे. थवा नसेल तर तो समोर असेल त्याचा आवाज उचलतो, मग तो विठ्ठल असो की कुकर. उघड्या दारातून जात नाही, कारण कुठे जायचं हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. पंख आहेत, पण उडायला लागणारा दम नाही. आईचा दुसरा मुद्दा या अर्थाने अगदी खरा होता. त्याला घार खाल्ली असतीच. पण ती वेळ ज्यांनी आणली ते ढोलीत हात घालणारे, घारीला दोष कशाला?

तिसऱ्या मुद्द्यावर मी आईशी बरीचशी सहमत आहे. लव्हबर्ड, बजरीगर हे पिंजऱ्यातच पिढ्यान् पिढ्या वाढवलेले आहेत, त्यांची गोष्ट जरा निराळी. पण आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट? तो जंगलातून इतका उपसला गेला की २०१६ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधनं घालावी लागली. आपला कायदा आपल्या रानाची राखण करतो, दुसऱ्याचं रान लुटून आलेल्या मालाकडे त्याने फार वर्षं काणाडोळा केला. असे परदेशी जीव ठेवणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंदणी करावी हा नियम २०२४ साली आला. उशिरा आला, पण आला.

वाघसिंहांचं मी मुद्दाम बोलत नव्हते, कारण आपल्यापैकी कुणी वाघ पाळेल असं वाटत नाही. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची आहे. २०११ साली मी कामानिमित्त अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसला होते. १८ ऑक्टोबरला तिथून तासाभरावरच्या झेन्सव्हिल गावाजवळ एका माणसाने आपल्या शेतावर पाळलेल्या ५६ जनावरांचे पिंजरे उघडले आणि स्वतःला संपवलं. अंधार पडत होता. महामार्गावरच्या दिव्यांच्या पाट्यांवर जंगली प्राण्यांपासून सावध राहा, गाडीतच थांबा अशा सूचना झळकत होत्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या शाळा बंद. पोलिसांसमोर दुसरा मार्ग नव्हता, त्यांनी जवळजवळ ५० जनावरं गोळ्या घालून मारली. त्यांत १७ सिंह आणि १८ बंगाली वाघ. फक्त सहा जनावरं जिवंत सापडली, ती कोलंबसच्या प्राणिसंग्रहालयात आणली.

१८ वाघ. आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात एखादा वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला तरी पेपरात बातमी येते. त्या आठवड्यात ऑफिसात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. एक सहकारी म्हणाला की आमच्याकडे कुत्र्याला दरवर्षी परवाना काढावा लागतो, वाघ नुसता बाळगायला राज्याचा परवाना लागत नाही. पुढच्या वर्षी तिथे कायदा झाला. आणि संपूर्ण देशात खासगी माणसांनी वाघसिंह पाळण्यावर बंदी यायला २०२२ चा डिसेंबर उजाडला.

आता तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात एकच प्रश्न असणार, मग हेमलकशाचं काय? रास्त आहे. डॉ. प्रकाश आमटे यांचे बिबट्यांबरोबरचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण तिथली सुरुवात आठवा. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू त्यांनी मागून घेतलं. त्यांनी बाजारातून काही आणलं नाही. भामरागडच्या जंगलात आदिवासी पोटासाठी शिकार करत, मागे राहिलेली पिल्लं मरत, ती तिथे येऊ लागली. ते अनाथालय आहे, आणि हौस व अनाथालय यांत फरक आहे. तिथल्या फोटोंवर भाळून कुणी माकडाचं पिल्लू विकत घेत असेल तर त्याला त्यातलं काहीच कळलेलं नाही.

तरी सगळं इतकं सरळ नाही हे मलाही कबूल आहे. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जखमी सारसाची शुश्रूषा केली. पिंजरा नव्हता, दोरी नव्हती, बरा झाल्यावर तो पक्षी आपणहून त्याच्या मोटारसायकलमागे उडायचा. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने तो ताब्यात घेतला आणि अखेर तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला. मोकळा असलेला पक्षी कायद्याने कोंडला गेला. तो शेतकरी भेटायला गेल्यावर सारस जाळीआड कसा नाचत होता, तो व्हिडिओ माझ्या आईने मला पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

राघूचा निर्णय शेवटी आईनेच घेतला. तो छातीची पिसं उपटायला लागला होता. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नुसता भात, मिरची आणि सूर्यफुलाच्या बिया यांनी पोषण होत नाही, आणि एकटेपणानेही पोपट असं करतात. एकटेपणाने, हा शब्द आईने दोनदा विचारून घेतला. मग काही दिवसांनी फोनवर मला म्हणाली, “दिवेलागणीला नदीकडून थवा जातो ना, तेव्हा हा गजांना लटकून जे ओरडतो, ते विठ्ठल नसतं गं.”

आम्ही १९२६ या वनविभागाच्या नंबरवर फोन केला. वनरक्षक आले, पंचनामा झाला, आईने सही केली, त्यांना चहा दिला आणि राघूला काय आवडतं याची यादी दिली. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली, ते मला आवडलं. आता तो उपचार केंद्रातल्या मोठ्या जाळीच्या खोलीत इतर पोपटांबरोबर आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत उडतो. पण माणूस दिसला की अजून जाळीपाशी येतो, म्हणून त्याला सोडत नाहीत. असा पक्षी बाहेर आठ दिवसांत पुन्हा पकडला जाईल. याच कारणाने आईला भेटायला मनाई आहे. ती दर महिन्याच्या एक तारखेला फोन करून विचारते. पिंजरा माळ्यावर आहे. दूधवाल्याने मागितला होता, तिने दिला नाही. आणि मी वर्षातून तीनदाऐवजी दर पंधरवड्याला येते, तरी सकाळची हाक ती सकाळची हाक, असं तिचं म्हणणं.

जाता जाता एक कामाचं. काल रात्री जेवताना आपल्यातल्या एकाने सांगितलं की त्याने मुलासाठी घेतलेली रुपयाएवढी दोन कासवं आता ताटलीएवढी झालीत, आणि तो ती नदीत सोडणार आहे. कानामागे लाल पट्टा असलेली ही कासवं अमेरिकेतली. ती तीस-तीस वर्षं जगतात, आणि बाहेरून येऊन धुमाकूळ घालणाऱ्या जगातल्या शंभर वाईट जीवांच्या यादीत त्यांचं नाव आहे. आपल्या नदीतली कासवं आधीच जेमतेम तग धरून आहेत. तेव्हा नदीत नाही, तळ्यात नाही, देवळाच्या कुंडातही नाही. आणि कुणाकडे पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव असेल, पैसा टिकतो म्हणून तिजोरीजवळ ठेवलेलं, तर ते आपल्याच देशातलं, पहिल्या अनुसूचीतलं आहे. ते आजच फोन करण्याचं प्रकरण आहे. नंबर मघाशी सांगितला, १९२६.

आमचा कासववाला मित्र तिसऱ्या रांगेत बसलाय. मी बोलायला लागल्यापासून तो मोबाइलमध्ये बघतोय. चहाच्या वेळी त्याला जाऊ देऊ नका.