मोहाच्या फुलाला दारू कोणी ठरवलं?

(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत मोहाची फुलं कशाला, असं काही जण म्हणतील. आपल्या मालेगाव-नांदगावकडे मोह तुरळक. त्याचा खरा मुलूख सुरगाणा, पेठ, कळवणकडचा. पण पावसाने ओढ दिली की कपाशी जळते, ज्वारीचं कणीस भरत नाही. मोहाचं झाड मात्र मार्च-एप्रिलच्या उन्हात फुलतं. त्याला ना खत लागतं, ना फवारणी.

फूल पहाटे गळतं. बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, वाकून वाकून वेचतात. चार-पाच किलो ओली फुलं वाळवली की हाती जेमतेम किलोभर राहतात. या वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर. आतलं केसर काढून फुलं भाजायची, कुटायची आणि भाकरीच्या पिठात मळायची. तिळाबरोबर कुटली की लाडू होतात. कणगीतलं धान्य संपलं की पावसाळ्यात आदिवासी घरं याच फुलांवर तगली. रेशनच्या दुकानाआधीचं हे रेशन.

औषध म्हणूनही फूल जुनं आहे. आयुर्वेदात याला मधूक म्हणतात, थंड आणि बळ देणारं मानतात. खोकल्याला काढा देतात, बाळंतिणीला दूध यावं म्हणून फुलं खाऊ घालतात. बियांचं तेल दुखऱ्या सांध्यांना चोळतात. शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून एवढंच सांगतो, की फुलं खाऊन तरतरी येते ती मुख्यतः साखरेची. मधुमेह असेल त्याने बेताने. आणि बियांची पेंड जनावराला तशीच घालू नका, तिच्यात विषारी अंश असतो. ती पाण्यात टाकून मासे मारतात.

युरोपात एल्डर नावाचं झुडूप आहे. त्याच्या फुलांचा चहा सर्दी-तापात पितात, साखर-लिंबू घालून सरबत करतात. ते सरबत आज बाटलीत भरून दुकानात विकलं जातं. त्या फुलांची वाइनही होते, पण म्हणून फुलं वेचणाऱ्या बाईची टोपली कोणी जप्त केली नाही.

आपल्याकडे काय झालं? इंग्रजांनी 1892 साली मोहाचा कायदा करून ठाणे-कुलाब्यात फुलांवर बंदी घातली. स्वराज्य आलं आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यात मोहफुलं पुन्हा अडकली. दारू काही थांबली नाही. थांबला तो उघडा बाजार. फूल घरात ठेवायची भीती, गाडीत घालायची भीती. मग झाडाखालीच व्यापारी म्हणेल त्या भावाला माल द्यायचा आणि पावसाळ्यात तोच व्यापारी चढ्या भावाने विकणार. कापूस राज्याबाहेर नेऊ देत नव्हते ते दिवस आपण भोगलेत, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला वेगळी समजवायला नको.

2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलं वेचण्या-साठवण्या-नेण्यावरची बंधनं सैल केली. पण भीती कागदाबरोबर जात नाही. म्हणून ज्यांच्या बांधावर मोह आहे त्यांनी यंदा झाडाखालचा पाला पेटवू नये, जुनी साडी किंवा जाळी अंथरावी. फूल मातीत पडलं की भाव पडतो आणि आग रानात शिरते. फुलं कडकडीत वाळवा. दमट राहिली तर बुरशी धरते. मग कोरड्या कणगीत झाकून ठेवा आणि आषाढापर्यंत विकू नका. कोणी अडवलं तर जिल्हा कार्यालयात कळवा, चार जण सोबत येऊ.