शंभर मात्रांची बाटली

(शेंद्रा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी कोंबड्या म्हणाले. या मांडवात संतसाहित्यावर, स्पर्धा परीक्षांवर व्याख्यानं होतात, ती व्हायलाच हवीत. पण गल्लीतली जी भांडणं अलीकडे माझ्या ओट्यापर्यंत आली, त्यातली कितीतरी कोंबड्यांवरून होती. सख्खे शेजारी एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जातात, हे मला बघवत नाही. म्हणून आज हे बोलायचं ठरवलं.

लग्न होऊन मी १९८४ साली इथं आले. तेव्हा शेंद्र्यात घरटी खुराडं असायचं. सासूबाई दिवेलागणीला पिलं डालग्याखाली झाकायच्या आणि वर पाटा ठेवायच्या, मांजराच्या भीतीनं. अंड्यांचा पैसा बाईचा. ज्वारीचा, कापसाचा पैसा घरधन्याच्या हातात जायचा; पण दहा अंडी विकून आलेल्या पैशाला कुणी हिशोब विचारत नसे. पोरांच्या वह्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं, कधी एखादी बांगडी, सगळं त्यातून व्हायचं. बाईच्या हातातला तो बहुधा एकमेव मोकळा पैसा होता, आणि म्हणून मला कोंबडीबद्दल नुसती माया नाही, आदर आहे.

भांडणं तेव्हाही व्हायची. वैशाखात अंगणात कुरडया, शेवया, सांडगे वाळत घातलेले असायचे आणि कुणाची तरी तलंग त्यावरून खुशाल चालत जायची. पण माझी कोंबडी तुझ्या वाळवणात, तर तुझी माझ्या मेथीत. सगळ्यांकडे कोंबड्या, सगळ्यांना ताप सारखाच. संध्याकाळपर्यंत हिशोब फिटायचा.

आता तो फिटत नाही. औद्योगिक वसाहत आली, २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला, ७ सप्टेंबर २०१९ रोजी ऑरिक या औद्योगिक शहराचं उद्घाटन झालं. जमिनी गेल्या, जिथं कडब्याच्या गंजी होत्या तिथं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. बीड, नांदेड, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, कुठून कुठून आलेली माणसं एका भिंतीला भिंत लावून राहतात. अशा गल्लीत एका घरी कोंबड्या आणि नऊ घरी नाहीत. अंडी एकाची, आरवणं आणि वास मात्र दहा जणांचा. माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ इथं आहे. पूर्वीची सवय आपण तशीच चालवतो, पण जिच्या जोरावर ती चालायची ती परतफेडच उरली नाही. म्हणून जास्तीचा भार कोंबडीवाल्यानं उचलायचा, असं मी मानते.

हे मला उशिरा कळलं. आमच्या मागच्या खोलीत कारखान्यातला एक तरुण कुटुंबासह राहायचा. कधी दुसरी पाळी, कधी तिसरी. दुसरी पाळी संपवून घरी येऊन टेकेपर्यंत दीड वाजायचा. एके सकाळी तो दारात आला आणि म्हणाला, "मावशी, कोंबड्याचं काहीतरी करा. साडेतीनपासून झोप नाही." मी म्हणाले, "बाबा, कोंबडा तुझ्या आधीपासून आहे इथं." तो काही न बोलता गेला. दोन दिवसांनी त्याची बायको पाण्याला आली. डोळे सुजलेले, कडेवर तीन महिन्यांचं बाळ. कोंबडा आरवला की ते उठायचं आणि उजाडेपर्यंत निजायचं नाही. त्या मुलीनं तक्रार केली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग मी कोंबडा रात्री पोत्यानं गुंडाळलेल्या पेटीत ठेवून पाहिला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. आरवायचंही राहत नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी कोंबडे चोवीस तास मंद उजेडात ठेवले, तरी ते आपापल्या वेळेला आरवत राहिले. पहाट त्याच्या शरीरातच असते, बाहेरच्या उजेडाची तो वाट पाहत नाही. त्याच संशोधकांनी पुढं असंही नोंदवलं की कळपातला सगळ्यात वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे मानाप्रमाणे त्याच्या मागून. म्हणजे गल्लीत चार कोंबडे असले, तर एकाला गप्प बसवून भागत नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. तो लागतो पिलांसाठी. मी आमचा कोंबडा शेतातल्या आखाड्यावर नेऊन सोडला. इथं नुसत्या कोंबड्या. एखादी खुडूक बसली आणि पिलं हवी असली, तर आखाड्यावरची दहा-बारा अंडी आणून तिच्याखाली ठेवते. एकविसाव्या दिवशी पिलं. कोंबडी अंडं घातल्यावर ओरडते, पण ते दिवसा आणि घटकाभर. शेतात जागा नसेल त्यानं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून पिलं आणावीत. ग्रामप्रिया, वनराजा, गिरिराजा या जाती परसासाठीच तयार केलेल्या आहेत. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, ग्रामप्रिया दीडशेच्या वर जाते. पण ती खुडूक बसायची नाही, हे आधी समजून घ्या.

फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरच्या एका कोंबड्याचा खटला जगभर गाजला. सुट्टीच्या घरात राहायला येणाऱ्या जोडप्यानं मोरीस नावाच्या त्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध दावा लावला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूनं निकाल दिला. २०२१ च्या जानेवारीत तिथं खेड्यातल्या आवाजांना आणि वासांना संरक्षण देणारा कायदाही झाला. आमच्या गल्लीत कुणीतरी ही बातमी मोठ्या आनंदानं वाचून दाखवली. मला तो आनंद झाला नाही. त्या बेटावर पाहुणा सुट्टीला आला होता. आपल्याकडे आलेला माणूस पोटासाठी आला आहे, त्याची झोप ही त्याची उद्याची हजेरी आहे. खटल्याचंच म्हणाल, तर आपल्याकडेही सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली. पण तहसीलपर्यंत गेलेला शेजारी परत ओट्यावर बसायला येत नाही. निकाल कुणाच्याही बाजूनं लागो.

वासाचं थोडक्यात सांगते. वास कोंबडीला नसतो, ओल्या विष्ठेला असतो. खुराड्यात चार बोटं लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफलं पसरा, रोज खालीवर करा, पाण्याचं भांडं सांडू देऊ नका. भिजलेला भाग त्याच दिवशी काढा. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून दोनदा झाडलोट झालीच पाहिजे. आणि खुराडं आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बांधायला मन धजत नसेल, तर शेजाऱ्याच्या भिंतीला लावून बांधू नका.

आमच्या शेजारी माळकरी घर आहे. त्यांच्या आजींनी माझ्या कोंबड्यांना कधी नाव ठेवलं नाही. पण एकदा आमच्याकडे पाहुणे आले आणि मागच्या मोरीवर कोंबडी कापली, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नंतर कळलं. तेव्हापासून ते काम आखाड्यावरच. कौतुकानं त्यांना अंडी देण्यात अर्थ नव्हता. चार महिने कुजवलेलं खत देते, त्यांच्या मोगऱ्याला यंदा काय कळ्या आल्यात ते जाऊन पाहा.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभी आहे ते बोलते. रोग कुंपण मानत नाही. मानमोडी, सरकारी भाषेत राणीखेत, आली की चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. हिरवट हगवण लागते, मान वाकडी होते, आणि औषध नाही. आहे ती फक्त लस. पिलू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, पुढं आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली टोचायची दुसरी. स्वस्त आहे, सोपी आहे. तरी गावात का दिली जात नाही? कारण लहानात लहान बाटलीसुद्धा बहुधा १०० मात्रांची असते. ती बर्फात आणायची, आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवायची. जिच्याकडे सात कोंबड्या आहेत ती ९३ मात्रा ओतून देणार का? त्यापेक्षा ती देवावर हवाला ठेवते. आणि तिची एक आजारी कोंबडी उकिरड्यावर आली, की गल्ली साफ.

बर्ड फ्लूचं तर याहून कठीण. देशात पहिल्यांदा तो २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नवापूरला सापडला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या, आणि एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करण्याचा हुकूम निघाला. त्या किलोमीटरात कुणाच्या परसातल्या पाच निरोगी कोंबड्या असल्या, तरी सुटका नाही. हे ऐकल्यापासून मी माझ्या कोंबड्या असं म्हणताना अडखळते.

चैत्रात आपल्या गावच्या मांगीरबाबांच्या यात्रेला नवसाची कोंबडी दूरदूरहून येतात. नवसाच्या बऱ्यावाइटाबद्दल मी आज बोलत नाही. यात्रेतून किंवा बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवा, एवढंच हात जोडून सांगते. आणि मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नका. खोल खड्डा, वर चुना.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या आठ घरांनी मिळून एक बाटली आणली. त्या आठ जणींत दोघी एकमेकींशी तीन वर्षं बोलत नव्हत्या, कारण तेच, कोंबडी आणि कुरडया. एकीनं कोंबडी धरली, दुसरीनं थेंब टाकला. पहिले शब्द "नीट धर गं" हे होते. त्या दिवशी ७१ कोंबड्यांना लस झाली, आणि मागच्या खोलीतल्या त्या मुलीनं वहीत प्रत्येक घराचा आकडा लिहिला. तिच्याकडे एकही कोंबडी नव्हती. आता दोन आहेत.

पावसाळ्याआधीची लस राहिली आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्या ओट्यावर बाटली फोडणार आहोत. आतापर्यंत ६४ कोंबड्या वहीत लागल्यात, ३६ मात्रा शिल्लक आहेत. नावं जाताना सांगून जा. कोंबड्या शनिवारी रात्रीच डालग्याखाली झाका, सकाळी गल्लीभर पळवत धरू नका. रविवारी लोक उशिरापर्यंत झोपतात.