दुकानाची वही आणि घरची वही

(पवन मावळातील एका गावी, भाताची कापणी आटोपल्यावर जमलेल्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही राजकारणावर बोलणार नाही. मीठ, मिरची, तेल, गूळ यांवर बोलणार आहो. विषय ऐकून काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. परंतु मत द्यावयास माणूस पाच वर्षांतून एकदा जातो. किराणा दुकानाची पायरी रोज चढतो. जेथे रोज जावे लागते तेथेच माणूस रोज शहाणा होतो, नाहीतर रोज नागवला जातो.

दुकानदारी हा हलका धंदा नव्हे. येथून जवळच कार्ल्याचे लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्यात दान देणारांची नावे कोरली आहेत. त्यांत सिंहदत्त नावाचा एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, आहे. त्याने एका दाराचे काम करून दिले. ज्या दगडावर राजाज्ञा कोरल्या, त्याच दगडावर या विक्याला जागा मिळाली. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे आडनाव मूळचे गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून ते फुले झाले.

दुकानदार आपला वैरी आहे असेही आम्ही म्हणत नाही. आषाढ-श्रावणात आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो ते तुम्हांस सांगावयास नको. लावणीत पैसा संपलेला, भात अजून शेतात हिरवे. अशा वेळी पोराच्या हाती चिठ्ठी दिली की तेल-मीठ घरी येते. शहरातले मोठे चकचकीत दुकान किंवा मोबाईलवरून माल धाडणारी कंपनी भात पिकेपर्यंत थांबेल काय? ओळखीचा दुकानदार थांबतो. हे उपकार मानलेच पाहिजेत. पण उपकार मानणे वेगळे आणि डोळे मिटणे वेगळे.

दुकानाच्या पायरीचा एक जुना हिशेब आपण विसरता कामा नये. ज्या आपल्या बांधवांस अस्पृश्य म्हणत, त्यांस ही पायरी चढता येत नसे. पैसे खाली ठेवावयाचे, दुकानदाराने त्यांवर पाणी शिंपडून ते उचलावयाचे आणि माल वरून पदरात टाकावयाचा. आता सांगा, जो पायरी चढू शकत नाही, त्याने तागडीचा काटा पाहावा कसा? विटाळाने माणसाचा मान गेला, आणि मापही गेले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानांचा उल्लेख करून सांगितले आहे की, जातीच्या कारणावरून कोणासही तेथे मज्जाव करता येणार नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात दुकानाला जागा का द्यावी लागली, हे आता समजले ना?

दुसरा हिशेब वहीचा. पूर्वी पुष्कळ गावी वाणी हाच सावकार असे. १२ मे १८७५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, सुपे या बाजारपेठेच्या गावी, कुणबी उठले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे हिसकावून जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा, पण ज्याचे अक्षर आपणांस वाचता येत नाही, त्या कागदावरचा तो राग होता. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. ऋणकोला पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा, पासबुकात देणेघेणे लिहून घेण्याचा हक्क मिळाला. हक्क मिळाला खरा. पण पासबुक वाचणारा घरात होता कोठे?

आणि वाचणारा असला तरी तो विचारतो काय? आमचीच गोष्ट सांगतो. लहानपणी आमच्या घरचे खाते गावातल्या एका दुकानात असे. आम्ही शाळेत बेरजा करीत होतो, पण खात्याकडे कधी पाहिले नव्हते. एका दिवाळीला वडिलांबरोबर पैसे भरावयास गेलो असता सहज पान वाचले. तेलाचा एक डबा दोनदा लिहिलेला होता. आम्ही वडिलांच्या कानाशी लागलो. वडील म्हणाले, "गप्प बस." घरी आल्यावर आई म्हणाली, "आज विचारशील, आणि श्रावणात तो नाही म्हणाला तर खाशील काय?" चार दिवस आम्हांस झोप लागली नाही. पाचव्या दिवशी एकटेच गेलो आणि बोट ठेवून दाखविले. दुकानदाराने चष्मा लावला, पान दोनदा पाहिले, एका ओळीवर रेघ मारली आणि म्हणाला, "बरे झाले सांगितलेस." उधारी बंद झाली नाही. तो मनुष्य चोर नव्हता. हातून चूक झाली होती. परंतु आमच्या मनात आजही राहून राहून येते की, त्याआधीच्या पानांवर कितीदा रेघ मारावयाची राहिली असेल? ती पाने आमच्या घरी कोणी वाचलीच नव्हती.

म्हणून सांगतो, घरात एक वही ठेवा. माल आणला त्याच दिवशी तारीख, जिन्नस, वजन, किंमत लिहा. महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहा. शेर-पायली जाऊन १९५८ पासून किलो-ग्रॅम आले. आता तागडीच्या जागी विजेचा काटा आहे. माल ठेवण्यापूर्वी त्यावर शून्य दिसते की नाही ते पाहा. या काट्याची सरकारी तपासणी दरवर्षी व्हावी लागते. पुडीवर छापलेली किंमत सर्व करांसह असते. बाटली थंड केली म्हणून तीवर एक रुपयाही जास्त मागता येत नाही. लोणावळ्यास शनिवार-रविवारी येणारा पाहुणा घाईत असतो, तो देऊन जातो. त्याची सवय तुम्ही उचलू नका. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या सरकारी क्रमांकावर तक्रार करा.

उलट आपणही चोख असावे. घेतलेले वेळेवर फेडावे. दुकानदारालाही वरच्या व्यापाऱ्याचे देणे असते. मात्र उधारीपायी मार्गशीर्षात इंद्रायणी पडेल त्या भावाने विकावयाचा आणि ज्येष्ठात तोच तांदूळ चढ्या भावाने दुकानातून आणावयाचा, हे बंद करा. हा वाण आपल्याच वडगावच्या संशोधन केंद्राने काढला. मावळच्या माणसाने तो विकत आणून खावा, ही लाज आहे. वहीत आकडे दिसले म्हणजे घरापुरते भात किती ठेवावे, हे आपोआप कळेल.

भगिनींनो, हे काम पुरुषांवर टाकू नका. दुकानात तुम्ही जाता, डबा रिकामा झालेला तुम्हांस कळतो. लिहिता येत नसेल तर मुलीस सांगा. तिच्या शाळेच्या वहीची मागची पाने कोरी असतील. आज घरी गेल्यावर तेथूनच आरंभ करा, आणि पहिल्या ओळीत आज आणलेले मीठ लिहा.