दवाखाना आपला, देखरेख आपली



कोल्हापूरचा सी.पी.आर., म्हणजे थोरला दवाखाना, सर्वांना ठाऊक आहे. पण ताप आला की आपली पहिली पायरी म्हणजे जवळचं आरोग्य केंद्र. ते आपल्याच पैशावर चालतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या आरोग्य केंद्रांत तपासणी आणि औषध फुकट झालं. पण ते खरोखर मिळतं का, हे कोण पाहणार?

आपणच! २००७ सालापासून महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत गावकऱ्यांनी हे काम केलं. डाक्टर वेळेवर येतात का? औषध मिळतं का? बाळंतिणीला नीट वागवतात का? गावानं एकत्र बसून ठरवलं : चांगलं, मध्यम की वाईट. मग जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांपुढं मांडलं. कितीतरी ठिकाणी सुधारणा झाली.

तुम्हीही तसंच करा. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. औषध नसलं तर तारीख लिहून ठेवा. ग्रामसभेत ते वाचून दाखवा. नर्सबाईंनी चांगलं केलं असेल तर तेही सांगा. भांडू नका, पण गप्पही बसू नका.

आता तुम्हांला लिहिता येतं. तोंडची तक्रार वाऱ्यावर जाते, कागदावरची टिकते.