घराभोंवतालची जिवंत वई

गांवोगांव नवीं घरें उभीं राहत आहेत, आणि घर नवें झालें म्हणजे अंगणाभोंवतीं विटांची भिंत किंवा तारेचें कुंपण आलेंच, असा जणूं रिवाज पडला आहे. भिंत थोड्या दिवसांत उभी राहते. जिवंत वईला तीन पावसाळे लागतात. एवढ्याच कारणानें गृहस्थ वईचा विचार सोडून देतो. परंतु भिंत बांधून झाली कीं तिची डागडुजी तेवढी मागें उरते. वई मात्र फूल, फळ आणि औषध देऊं लागते. हा हिशेब मांडून पाहिल्यावांचून भिंत घालणें शहाणपणाचें नव्हे.

वाळलेल्या कांट्यांच्या कुंपणाहून जिवंत वई निराळी. मिठावरील जकात चुकूं नये म्हणून इंग्रज सरकारनें उत्तर व मध्य हिंदुस्थानांत शेंकडों मैल कुंपण घातलें होतें. आरंभींच्या वाळक्या कांट्या वाळवी आणि वणवा यांपुढें टिकेनात; तेव्हां जिवंत झुडुपें लावण्यांत आलीं, आणि जमीन पाहून कोठें बाभूळ, कोठें बोर, कोठें करवंद अशी निवड झाली. १८७९ सालीं ती जाचक जकातरेषा उठली व कुंपणहि गेलें. पण जमीन पाहून झाड निवडावें, हा त्यांतील धडा घरच्या बागेसहि लागू आहे.

कोंकणांतील जांभ्या जमिनींत करवंद व अडुळसा चांगले धरतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत कोयनेल टिकते. देशावर निरगुडी आणि मेंदी थोड्या पाण्यावर तग धरतात. गुरांचा उपद्रव फार असेल तेथें मधून मधून सागरगोटा लावावा. त्याचे आंकड्यासारखे कांटे राखण करतात. निरगुडी व अडुळसा यांचा पाला शेळी सहसा खात नाहीं.

रंगीत फुलांना भुलून घाणेरी मात्र लावूं नये. ही अमेरिकेंतील वनस्पति एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठीं कलकत्त्याच्या बागेंत आणली गेली. आज बंदीपूरसारख्या अरण्यांतून ती मैलोगणती पसरली आहे. कुंपणानेंच शेत खाल्लें, ही म्हण तिनें खरी करून दाखविली. मोगली एरंडहि अमेरिकेंतलाच. त्याचें बीं विषारी असल्यामुळें मुलेंबाळें असलेल्या घरीं तो नसावा.

वैशाखांत हातभर खोल चर खणून त्यांत शेणखत व माती भरावी. मृगाचा पाऊस पडतांच दीड-दीड फुटावर दोन ओळी अशा लावाव्या कीं, एका ओळींतील झाड दुसऱ्या ओळींतील मोकळ्या जागेसमोर येईल. निरगुडी व अडुळसा फांदीच्या तुकड्यांपासून होतात. करवंदाचें बीं पिकल्या फळांतून काढून ताजेंच पेरावें. सागरगोट्याचें कवच दगडावर एका बाजूनें घासून बीं रात्रभर भिजत ठेवावें.

दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभीं झुडुपें हातभर उंचीवर छाटावीं. येथेंच बहुतेकांचा हात थबकतो. छाट न दिल्यास झाड उंच जातें, बूड उघडें पडतें, आणि शेळीला वाट मिळते. वई खालीं रुंद व वर निमुळती ठेवावी, म्हणजे बुडाशींहि ऊन पोंचतें. प्रत्येक छाटणीपूर्वीं आंत घरटें नाहीं ना, हें पाहावें.

वईंत सर्प येतो, ही धास्ती अगदींच निराधार नाहीं. पण तो उंदरांच्या मागें येतो, आणि उंदीर खरकट्याच्या मागें. बुडाशीं केर सांचूं देऊं नये व वई घरापासून चार-पांच हात दूर असावी. झुडूप दोन्हीकडे पसरतें, म्हणून हद्दीच्या आंत दोन हात सोडून ओळ धरावी. शेजाऱ्याशीं तंटा उरत नाहीं.

भिंतीवर बुलबुल घरटें बांधीत नाहीं, शिंपी पक्ष्याला शिवावयास पान मिळत नाहीं. झुडुपें गेलीं तेथून हे पांखरूं निमूटपणें गेलें, आणि झाडावरच्या अळ्या वेंचणारा गडीहि गेला. वई दाट झाली कीं तीं परततात. निरगुडीच्या निळसर फुलांवर मधमाश्या येतात, वैशाखांत मुलांना करवंदें मिळतात, आणि खोकल्याच्या दिवसांत अडुळसा दाराशींच असतो. तीन पावसाळे म्हणजे साठी उलटलेल्या गृहस्थालाहि फार लांबची मुदत नव्हे.