वजनाचा ताळेबंद, मनाची रोजकीर्द
(वार्षिक सभेतील भाषणाचा संक्षेप)



स्थूलत्वावर उपचार घेणाऱ्या काही स्त्रियांना यश लाभते, काहींना लाभत नाही. जिभेवर ताबा नसणे हेच अपयशाचे कारण, असा सर्वसाधारण समज आहे. संशोधनाचे निष्कर्ष मात्र अधिक सहृदय आहेत.

अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० स्थूल स्त्रियांना उपचारापूर्वीच त्यांची अपेक्षा विचारण्यात आली. सरासरीने त्यांना ३२ टक्के वजन घटवायचे होते. ४८ आठवड्यांत सरासरी १६ किलो वजन उतरले. तरीही जवळजवळ निम्म्या स्त्रियांना ‘निराशाजनक’ म्हणून स्वतःच ठरविलेले वजनदेखील गाठता आले नाही. अपेक्षेच्या भाराखाली मोठे यशही अपयश ठरले. वस्तुतः अल्प घटही मोलाची असते. २००२ सालच्या अमेरिकन मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात केवळ ७ टक्के वजनघट व आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले.

पोर्तुगालमधील पेद्रो तैशैरा व सहकाऱ्यांनी २००५ साली अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. पूर्वी आहारनियमनाचे प्रयत्न कमी वेळा केलेले असणे आणि अंतःप्रेरणा, हीच यशाची त्यातल्या त्यात भरवशाची पूर्वचिन्हे आढळली. म्हणजेच वारंवार प्रयत्न करून खचलेल्या भगिनीस दूषणाची नव्हे, अधिक आधाराची आवश्यकता आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. म्हणून एक निष्कर्ष मला विशेष भावला. २००८ साली सुमारे १,७०० व्यक्तींच्या अमेरिकन अभ्यासात, खाल्लेल्या पदार्थांची रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन अजिबात नोंद न ठेवणाऱ्यांच्या दुप्पट उतरले. रोजकीर्द नियमित असेल तर वर्षअखेरचा ताळेबंद धक्का देत नाही, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

परंतु आपल्या घरांतील गृहिणी स्वतःची नोंद कधी ठेवणार? सर्वांची पाने वाढून ती शेवटी बसते, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेसुरले संपविते. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीने उपवासाचा हेतूच मागे पडतो. फिरावयास निघाली तर ‘घरचे कोण बघणार?’ हा प्रश्न दारातच उभा असतो. रुग्णांच्या आप्तजनांना माझी विनंती आहे, की तिला टोमणा देऊ नका; रोज अर्धा तास मोकळा द्या.

देणगीदारांपुढेही एक निवेदन आहे. या कार्यास महागडी यंत्रसामग्री लागत नाही. लागतात त्या आहारतज्ज्ञ व समुपदेशक, आणि वर्षभर सातत्याने होणाऱ्या भेटी. या खर्चातून कोनशिला उभी राहत नाही, छायाचित्रही निघत नाही. परंतु किती भगिनी दुसऱ्या वर्षीही आपल्या दारी विश्वासाने येतात, यावरच या विभागाचे यश मोजले जावे, असे मला नम्रपणे वाटते.