अंगावर काढलेली घेरी
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण जे स्वतः भोगले ते आपल्या कानी घालावे, म्हणून उभी आहे.

गेल्या वर्षी एका पहाटे मी कूस बदलली आणि खिडकी, कपाट, सारी खोलीच गरगर फिरू लागली. अर्ध्या मिनिटात थांबली, पण मळमळ राहिली. सासूबाई म्हणाल्या, "पित्त झाले असेल." आमसुलाचे सार घेतले, उपास सोडले, तरी कुशीवर वळले की घेरी ठरलेली. हा अर्धांगवायू तर नव्हे, या भीतीने घरात पुढे बोललेच नाही. दीड महिना भिंतीला टेकून, बसून झोप काढली. शेवटी फळीवरचा डबा काढताना मान वर केली आणि स्टुलावरून पडले, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी माझी मान वळवून मला पटकन आडवे केले व डोळे निरखले. म्हणाल्या, "दोष पोटात नाही, उजव्या कानात आहे." कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे चुन्याचे बारीक कण असतात. ते जागा सोडून शेजारच्या अर्धगोल नळीत शिरले, की डोके हलताच नळीतले पाणी ढवळते आणि आपण फिरतो आहोत असे मेंदूला वाटते. वाढत्या वयाने किंवा डोक्याला मार लागून असे होते; पुष्कळदा कारण कळतही नाही.

यावर अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली रीत आहे. दोष असलेल्या कानाकडे मान वळवून निजवतात, मग मान दुसरीकडे, मग त्याच कुशीवर, शेवटी उठवून बसवतात. दर वेळी अर्धा-एक मिनिट थांबतात. कण मूळ जागी परततात. मला दोन खेपांत आराम पडला. मात्र कोणता कान ते डॉक्टरांनीच ठरवावे. मानेचे दुखणे असेल तर मनाने करू नये.

हे पुन्हा उद्भवू शकते. म्हणून सकाळी क्षणभर बसून मगच उठावे, घेरी येत असता स्टुलावर चढू नये. घेरीबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळे पडले किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर तो आजार निराळा. तत्काळ दवाखाना गाठावा.

भगिनींनो, घरातल्या प्रत्येकाचे दुखणे आपण विचारतो, आपले तेवढे अंगावर काढतो. दोन खेपांत बरे होणारे दुखणे मी दीड महिना सोसले. तसे आपण करू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.